दयारामची सुई

दयाराम चिखलीला दारू पिऊन नाचला, ही बातमी तो साखरखेर्ड्याला परत यायच्या आधीच गावात पोचली होती. बातमीला एसटीची वाट पाहावी लागत नाही. टपरीवर मीही ती चार जणांना वाढली. गरम होती, राहवलं नाही.

दयाराम आमच्या गावच्या दंडारीतली, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाच-सोंगांच्या खेळातली राधा. नऊवारी नेसून नाचायला लागला की बायका आपापल्या नवऱ्यांना घरी बोलवायच्या. पण त्याचं खरं नाव झालं मुक्या सोंगानं. शिंप्याचं सोंग होतं ते. सुई नाही, दोरा नाही, नुसती बोटं. थुंकी लावून दोरा वळायचा, एक डोळा मिटायचा, आणि दोरा ओवला गेला की अख्खं गाव श्वास सोडायचं. त्याच्या गुरूचा नियम एकच, तोंडाला रंग लागला की तोंड धुईस्तोवर शब्द काढायचा नाही. एकदा सोंगात असताना विंचू चावला, तरी त्यानं शब्द काढला नाही. लोक तेव्हाही हसले.

मग टीव्ही आला, दंडार बसली. दयाराम लोकांच्या कपाशीवर मजुरीनं औषध फवारू लागला. अळी न लागणारं बीटीचं बियाणं आलं तेव्हा लोक म्हणे, आता पंप माळ्यावर टाका. काही वर्षांत बोंडअळीच परत आली आणि दयारामच्या पाठीवरचा पंप उतरेना.

बोंडअळीच्या दुसऱ्या वर्षी शाळेच्या सारिका मॅडमनी दंडार पुन्हा उभी करायचा हट्ट धरला. चिखलीत लोककला संमेलन होतं. तिथं पसंत पडलं, तर शाळाशाळांतून पोरांना सोंगं शिकवायचं काम दयारामला मिळणार होतं.

"पंप सुटेल तुमचा," मॅडम म्हणाल्या.

ढोलकीवाल्या कय्यूमला वेगळीच काळजी. "राधा, साडी बसन का बे आता?"

"साडी बसन. ढोलकी तुह्या पोटावर बसते का, ते पाह्य."

चिखलीत भर दुपारी मांडवात नाच बरा झाला. मग सुई निघाली. बोटं थरथरू लागली, दोरा काही ओवेना. लोक पोट धरून हसले. त्यांना ते सोंगातलंच वाटलं. थरथर थांबेना तेव्हा दयाराम मटकन खाली बसला, आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पिऊन आला हा."

संयोजक मागं आले. "दारू घेतली का?"

दयाराम गप्प. रंग तोंडावर होता.

"बोल ना बे," कय्यूम म्हणाला. "साहेब, हा शिवत नाही दारूले. कसम घेतो."

ढोलकीवाल्याची साक्ष कोण धरतो? दयारामनं पाण्याच्या ड्रमाकडे हात केला. ड्रम रिकामा. कय्यूम बादली घेऊन पळाला. तो येईस्तोवर संयोजकांनी शाळांच्या कामाच्या यादीतलं दयारामचं नाव खोडलं होतं.

तोंड धुऊन दयाराम म्हणाला, "नाही पेलो." ऐकायला खुर्च्या गोळा करणारे होते.

परतीच्या एसटीत सारिका मॅडमनी पुढची जागा धरली. दुसऱ्या दिवशी दयारामनं पंप पाठीला लावला.

दयारामनं जन्मात दारू प्यायली नाही. त्याचे हात फवारणीच्या औषधानं गेले होते. डॉक्टरनं त्याला ते दोन महिने आधीच सांगितलं होतं, आणि शाळांचं काम हातचं जाईल म्हणून त्यानं ते मॅडमना सांगितलं नव्हतं.