सुतकातला पिक्चर

बाबा गेले त्याच्या सहाव्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "तो पिक्चर लाव गो."

कोणता, ते विचारायची गरज नव्हती. सिनेमा नुकताच बोलायला लागला होता त्या काळातला, काळापांढरा इंग्रजी पिक्चर. एक घाबरट वेटर, एक जाडा शेठ, आणि शेठच्या तोंडापर्यंत काही केल्या न पोचणारं सूप. गिरणी बंद पडल्यावर बाबा पवईच्या एका ऑफिसात वॉचमन झाले. इंग्रजी त्यांना 'गुड मॉर्निंग सर'च्या पुढे येत नव्हतं. पण घाटकोपरच्या आमच्या खोलीत टीव्हीसमोर बसून ते दोघांचीही बोलणी मालवणीत रचायचे. शेठचे ओठ हलले की बाबा गरजायचे, "मेल्या, वाढतस काय आंघोळ घालतस?" दर वेळी नवीन काहीतरी. आई पदरात तोंड खुपसून हसायची.

मी पिक्चर लावला. आत्या स्वयंपाकघरातून धावत आली.

"वयनी, घरात सुतक आसा! शेजारी काय म्हणतीत?"

"म्हणूंदेत," आई म्हणाली. "पाच दिस रडलंय. आज माका हसूचा आसा."

आत्या माझ्याकडे वळली. "बंद कर तां."

मी आवाज वाढवला. तिचं न ऐकायची माझी ती पहिलीच वेळ.

वेटर घसरला, शेठ ओरडला, आणि खोलीत नुसतं खरखरतं इंग्रजी ऐकू आलं. ही माणसं इतकी भरभर बोलतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. बाबांच्या आवाजाखाली ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

मग आई बोलली. आधी पुटपुटत, मग खणखणीत. "अरे, आधी तेका वाढ! डबल ड्युटी करून इलो तो!"

आणि हसली. डोळे वाहत होते, तरी हसली. मीही हसले, पोट दुखेपर्यंत. शेजारच्या काकू दारात येऊन बघून गेल्या.

आत्या संध्याकाळीच निघून गेली. गावाकडे फोन झाले. तेराव्याला दोघीतिघींनी मला विचारलंच, खरं का गं? खरं, म्हटलं. हसलो आम्ही. परत हसू.

माझ्या ऑफिसातली मुलं म्हणतात, नव्वद वर्षांपूर्वीचा विनोद, काय यार बघायचं त्यात? बघू नका. जुना म्हणून कुणी त्याची कीव करायला नको. इतक्या वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा परक्या नटाने माझ्या आईला सहाव्या दिवशी हसवलं. तुमच्या आजच्या विनोदाने एवढं करून दाखवावं, मग बोलू.

आई आता दर रविवारी दुपारी तो पिक्चर लावते. दार सताड उघडं ठेवून.