एका बादलीतल्या सवती

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आमच्या गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचे आहेत. त्यांच्यामुळे मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, तोही रसायनशास्त्राचा.

सारंगखेड्याच्या यात्रेला पाहुणे येणार होते आणि आमच्या फ्रिजमध्ये दूध सांडून नासलं होतं. मी आईला म्हटलं, "तू बस. हे माझ्या शिक्षणाचं काम आहे." बादलीत ब्लीचिंग पावडरचं पाणी केलं, माश्या नकोत म्हणून स्वयंपाकघराचं दार लावलं आणि वास लवकर जावा म्हणून संडास धुवायच्या अ‍ॅसिडच्या बाटलीचं बूच उघडलं.

आईने माझं मनगटच धरलं.

"आरे पोऱ्या, त्या दोन्ही सवती शेतस ना! एक बादलीमा कश्या नांदतीन? इखारी धूर निंघस, तूच सांगे ना!"

ब्लीचिंग आणि अ‍ॅसिड या सवती, एकत्र आल्या की विषारी धूर निघतो, हे बाईंचं वाक्य. नववीत मी धडे मोठ्याने पाठ करायचो, तेव्हा आई शेजारी भाकरी थापत असायची. मी विसरलो होतो, ती नाही.

तिने दार उघडलं, मला फ्रिजचा प्लग काढायला लावला आणि कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून फडकं माझ्या हातात दिलं.

त्याच दिवशी मी बाईंना पत्र लिहिलं:

"आदरणीय बाई, सा. न. तुमच्या सवती आईच्या लक्षात होत्या म्हणून आज मी वाचलो. नववीच्या परीक्षेत या सवतींवरच्या प्रश्नाचे गुण तुम्ही मला दिले होते, ते कृपया आईच्या नावावर करावेत. फ्रिज स्वच्छ झाला आहे. यात्रेला नक्की या. तुमचा विसरभोळा विद्यार्थी."