आत्याबाईंची परात आणि पसरणीचा घाट

तीन बायका सायकली घेऊन गावात फिरायला लागल्या की किस्से शोधावे लागत नाहीत, तेच मागं लागतात! आम्ही तिघी वाईच्या. मी, शिवणकाम करणारी शाहीन आणि सांगलीकडून सून म्हणून आलेली पद्मा.

पसरणीचा घाट चढून पाचगणीला जायचं ठरलं, तशी आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, अट घातली. त्यांचा भाजीचा टेंपो आहे. "मी मागनं टेंपो आणणार. पंक्चर झाली की सायकल टेंपोत, आन तुमचं ह्ये खूळ कायमचं बंद!"

"चालंल!" मी म्हटलं. तिघींपैकी एकीलाही पंक्चर काढता येत नव्हतं.

*

सुरुवात माझ्या स्वयंपाकघरातून. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे येतील तिथं भोक. मी सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची, भाकरीचं पीठ मळायची पितळी परात घेतली.

मागून आत्याबाईंचा आवाज आला, "परातीत परत सायकल दिसली, तर तुलाच थापीन भाकरीवानी!"

मग बादलीवर भागवलं.

*

शाहीनचा पॅच काही केल्या चिकटेना. बाई पडली टेलर! तिनं दाभण घेतला आणि पॅचला चारी बाजूंनी टाके घातले. बादलीत ट्यूब सोडली, तर टाक्याटाक्यातनं बुडबुडे!

आम्ही हसून लोळलो. ती मात्र ठाम, "आगं, फिटिंग तर बघा!"

*

पद्मानं चमच्यांनी टायर चढवताना ट्यूब चिमटली. एका भोकाची दोन झाली. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "सूनबाई, बायकांचं काम न्हाई त्ये. दुकानात द्या की."

"आवं काका, दुकानदार काय आईच्या पोटातनं पॅच लावत आलावता व्हय?" पद्मा फणकारली.

काका आत गेले. त्या दिवशीचा पॅच मात्र लय झकास बसला.

*

घाटाच्या दिवशी आत्याबाई टेंपोत पुढं बसलेल्या, मांडीवर भली मोठी पिशवी. "मलाबी पाचगणी बघायचीय," एवढंच बोलल्या.

निम्म्या घाटात माझं मागचं चाक बसलं. मालकांनी टेंपोचा मागचा फळका पाडलासुद्धा! "चढवा सायकल. संपला खेळ."

ट्यूब काढली. भोक इतकं बारीक, की वाऱ्यात फुसफुस ऐकू येईना, गालाला हवा लागेना. बाटल्यांत पाणी होतं, पण ओतायचं कशात? रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्या माणसासमोर सायकल टेंपोत चढवायची?

तेवढ्यात आत्याबाई खाली उतरल्या. पिशवीतून परात काढली आणि रस्त्याच्या कडेला मांडली.

"वता पाणी."

"आगं आये, भाकरीची परात ती!" मालक ओरडले.

"म्हायती हाय मला. तू फळका लाव आन हो म्होरं. आमी येतो मागनं!"