दुसऱ्याच्या हाताचं घड्याळ

महागडं घड्याळ घेणं ही गुंतवणूक आहे की नुसती हौस, हा वाद आमच्या घरात बरीच वर्षं चालला. एका बाजूला आमचे हे, दुसऱ्या बाजूला मी. ह्यांचं म्हणणं बरोबर ठरलं हे आधीच सांगून टाकते. त्या घड्याळाची किंमत घेतली त्याच्या कितीतरी पट झाली. तरी मला ते घरात नको होतं, आणि घराबाहेर जायलाही नको होतं.

हे नाशिकचे, केमिकल इंजिनियर. ऐंशीच्या दशकात कुवेतला एका पेट्रोकेमिकल कंपनीत लागले. नव्वद साली इराकी फौजा शिरल्या तेव्हा आम्ही चार वर्षांच्या मुलीला घेऊन बसने इराकमार्गे जॉर्डनला निघालो. बँकेतले पैसे बँकेतच राहिले. खिशातल्या दिनारच्या नोटा वाटेत कुणी हातात धरेना. माझ्या हातात दोन पाटल्या होत्या. त्यातली एक बगदादच्या पुढे एका ड्रायव्हरला काढून दिली, तेव्हा पोरीला पाणी मिळालं आणि आम्हाला पुढच्या गाडीत जागा.

त्या दिवसापासून ह्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. जे अंगावर राहतं तेच आपलं. फ्लॅट, प्लॉट, फिक्स डिपॉझिट, सगळंच त्यांना फसवं वाटायला लागलं. मी म्हटलं, मग सोनं घेऊ. तर म्हणाले, सोन्यात घडणावळ जाते, घट धरतात, आणि पुरुषाने पाटल्या घालून बॉर्डर ओलांडायची का? चांगलं स्विस घड्याळ जगात कुठेही विकता येतं, कुणाच्या नजरेत भरत नाही आणि आयकरवाला त्याच्याबद्दल विचारत नाही. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हे व्याख्यान ऐकावं लागे. लोक मान डोलवत आणि भजी संपवत.

ब्याण्णव साली आम्ही परत कुवेतला गेलो. पुढच्या वर्षी ह्यांनी शहरातल्या जुन्या बाजारात एका जुन्या घड्याळांच्या दुकानातून ते घड्याळ घेतलं. स्टीलचं, ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीवर चालणारं. डबी नाही, कागद नाहीत. तबकडीवर बाराच्या खाली एक छोटं हिरवं चिन्ह होतं, आणि ते ह्यांच्याच कंपनीचं होतं. लढाईच्या आधी कंपनीने नवा प्लांट सुरू झाल्यावर आपल्या काही कुवेती इंजिनियरांना अशी घड्याळं खास बनवून दिली होती. त्याच समारंभात आमच्या ह्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, बॅटरीवरचं. ते मनाला किती लागलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुकानदार म्हणाला, चिन्हामुळे किंमत कमी आहे, हवी तर साधी तबकडी बसवून देतो. हे म्हणाले, नको, ओरिजिनल ते ओरिजिनल. मागच्या बाजूला काहीतरी कोरलेलं होतं, ते कुणीतरी घासून काढलं होतं. हे घड्याळ इथे आलं कुठून, असं मी घरी आल्यावर विचारलं. त्या काळात कुवेतमध्ये कोणाची वस्तू कुठून आली हे कुणी विचारत नसे. ह्यांनीही विचारलं नव्हतं.

ते घड्याळ ह्यांच्या हातात सैल व्हायचं. मनगटावरून सरकून थेट तळहाताच्या मुळाशी यायचं. दोन कड्या काढल्या तर बरोबर बसलं असतं, पण कड्या कमी केल्या की भाव उतरतो म्हणे. शिवाय घातलं की ओरखडे पडतात. तेव्हा अंगावर राहील म्हणून घेतलेली वस्तू माझ्या कपाटात साड्यांच्या खाली, ह्यांच्या जुन्या रुमालात गुंडाळून राहिली. मी चिडवायचे, बॉर्डर ओलांडायची वेळ आली तर आता कपाट पाठीवर घ्यावं लागेल.

पण एकटी असले की मला चिडवायला सुचायचं नाही. मला सारखा तो पट्टा दिसायचा. तो ज्याच्या हाताला बरोबर बसत होता तो माणूस चांगला दणकट असणार. कपाटातून साडी काढताना रुमाल हलायचा आणि थांबलेलं घड्याळ चालायला लागायचं. थोडा वेळ चालायचं, मग बंद. मी साडी हातात घेऊन ते थांबेपर्यंत उभी राहायचे. कपाटात कोणीतरी आहे आणि मी दार उघडलं की त्याला वाटतं आता आपल्याला बाहेर काढणार, असं काहीतरी मला वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ह्यांनी मला ऑटोमॅटिक घड्याळाच्या आत काय असतं ते चित्र काढून समजावलं असतं.

शहाण्णव साली आम्ही कुवेतमध्येच अबू हलीफाला राहायला गेलो, समुद्राजवळ. इमारतीची मालकीण एक वयस्क कुवेती बाई होती. मागच्या बाजूच्या जुन्या घरात राहायची. तिचे वडील मुंबईला मोत्यांचा व्यापार करायचे, त्यामुळे लहानपणी ती काही वर्षं मुंबईत होती आणि हिंदी बोलायची. सगळे भाडेकरू तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत आणि ती मला बिंती म्हणायची, म्हणजे माझी लेक. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा तिने मला खजूर दिले, माझ्या मंगळसूत्राला हात लावून पाहिला आणि मुंबईत अजून घोड्याची गाडी मिळते का ते विचारलं.

तिच्या बैठकीत भिंतीवर एका तरुण माणसाचा फोटो होता. उंच, रुंद खांद्यांचा. छातीशी हात धरलेला आणि हातात घड्याळ.

"मेरा लडका," खाला म्हणाली. "कंपनी में इंजिनियर. ये घडी कंपनी ने दी."

कंपनीचं नाव तिने सांगितलं, ते ह्यांच्याच कंपनीचं होतं. लढाईच्या दिवसांत त्याला घराच्या दारातून नेलं होतं. त्यानंतर पत्ता नाही. त्या वेळी कुवेतमध्ये अशी शेकडो माणसं बेपत्ता होती, चौकाचौकांत त्यांच्यासाठी फलक लागलेले असत. खाला त्याच्याबद्दल बोलताना भूतकाळ वापरत नव्हती. त्याला मासे आवडतात, म्हणाली. तो फार मोठ्याने हसतो.

मी फोटोतल्या घड्याळाकडे बघत राहिले. ते इतकं लहान होतं की चिन्ह दिसणं शक्य नव्हतं. घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, आजच तिला नेऊन दाखवू.

"अगं, अशी दहा-पंधरा घड्याळं दिली होती," हे म्हणाले. "त्यातलं हेच कशावरून? उगाच त्या म्हातारीच्या जिवाला घोर."

"आणि तिचंच असलं तर?"

"असलं तर देऊन टाकू," ते म्हणाले, पण उठले नाहीत.

त्यांना दोष देत नाही. त्या घड्याळात आमची दोन वर्षांची बचत होती, आणि दहा-पंधरातलं एक हा हिशोब खोटाही नव्हता. मी नेटाने धरून बसले असते तर ते नाही म्हणाले नसते. पण मला घड्याळ जाण्याची भीती नव्हती, खालाच्या चेहऱ्याची होती. मी वर्षानुवर्षं तिच्याकडे जात राहिले. संक्रांतीला तिळाच्या वड्या, गणपतीत मोदक. ती मोदक हातात फिरवून बघायची आणि एक बाजूला काढून ठेवायची, मुलासाठी. पुढे आमची मुलगी मोठी झाली, तिला हे कळलं, तर ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, जस्ट आस्क हर." तिच्या वयाला ते बरोबरच होतं.

दोन हजार तीन साली इराकमधलं राज्य उलटलं आणि तिकडच्या वाळवंटात पुरलेली माणसं सापडत असल्याच्या बातम्या यायला लागल्या. पुढच्याच वर्षी मुलीच्या कॉलेजचा खर्च समोर आला. तोवर घड्याळांच्या जगात उलथापालथ झाली होती. ज्या चिन्हामुळे किंमत कमी झाली होती, त्याच चिन्हासाठी आता शौकीन लोक वेड्यासारखे पैसे मोजायला तयार होते. साधी तबकडी बसवली असती तर ते चारचौघांसारखं घड्याळ झालं असतं. ह्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांनी परीक्षेत पहिला आल्याचा आनंद होता. मी म्हटलं, विका, पण त्याआधी मी खालाला दाखवणार. ह्या वेळी ते उठले आणि कपाटातून रुमाल काढून माझ्या हातात दिला.

सकाळची वेळ होती. खाला बैठकीत चहा घेत होती. मी रुमाल तिच्यासमोर उघडला आणि हिंदीत पाठ केलेलं वाक्य म्हणाले, "खाला, हे आम्ही बाजारातून घेतलं होतं. कंपनीचं आहे. तुमच्या मुलाचं तर नाही ना, एवढं बघा."

तिने घड्याळ उचललं. त्या पट्ट्याची उघडमीट करायची कडी फार चिवट होती. ती बाजूने दाबून, जरा तिरकी करून मग वर उचलावी लागे, आणि आम्हा दोघांनाही ते एका फटक्यात कधी जमलं नाही. खाला तबकडीकडे बघत होती. कडीकडे तिचं लक्षही नव्हतं. तिच्या अंगठ्याने बाजूने दाबलं, तिरकं केलं आणि पट्टा उघडला. जेवायला बसताना मुलाच्या हातातलं घड्याळ कितीदा काढून ठेवलं असेल तिने.

घड्याळ चालायला लागलं होतं. तिने ते कानाशी धरलं. मी रडू आवरायचा प्रयत्न करत होते, आणि ती मात्र अगदी शांत होती. मग तिने पट्टा लावला, घड्याळ रुमालावर ठेवलं आणि रुमालाची चारही टोकं दुमडली.

"ये मेरे लडके की नहीं," ती म्हणाली.

"खाला, नीट बघा."

"देखा. मेरे लडके की घडी मेरे लडके के हाथ में है." तिने रुमाल माझ्याकडे सरकवला. "ये तेरी है, बिंती. बेच दे. लडकी को पढा." मग तिने माझ्यासाठी चहा ओतला आणि मुलगी कुठल्या कॉलेजात जाणार ते विचारलं.

घरी हे दारातच उभे होते. मी सांगितलं, नाही म्हणाली. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग मी कडीचं सांगितलं.

ह्यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. ह्यांचं म्हणणं, तिने दोनदा स्पष्ट सांगितलं, आईपेक्षा जास्त कोणाला कळणार? माझं म्हणणं, आईला कळलं म्हणूनच ती नाही म्हणाली. घड्याळ हातातून उतरलं असेल तर त्या हाताचं काय झालं, हे तिला स्वतःला सांगावं लागलं असतं. कॉलेजचा खर्च ह्यांनी दुसरीकडून भागवला आणि विकायचं तेवढं मागे पडलं. पुढच्या वर्षी नोकरी संपवून आम्ही नाशिकला परत आलो. घड्याळ सामानात नव्हतं, ह्यांच्या हातात होतं. एवढा एकच प्रवास त्यांनी ते घातलं, आणि विमानात सारखं वर सारत होते.

नाशिकला ते पुन्हा माझ्या साड्यांखाली आलं, आणि दोनेक वर्षांत मी थकले. वस्तू घरात असली की तो माणूस घरात आहे असं वाटायचं, आणि मी काही त्याची कुणी नव्हते. एक दिवस मी आपण होऊन म्हटलं, विकून टाका. ह्यांनी मुंबईचं एक गिऱ्हाईक ठरवलं. रक्कम ऐकून मला खरं वाटेना. रविवारी तो माणूस घरी येणार होता.

शुक्रवारी कुवेतहून फोन आला. आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या त्या रत्नागिरीकडच्या बाई.

"भाभी, खालाचा पोरगा गावला," त्या म्हणाल्या.

इराकमध्ये सापडलेल्या अवशेषांची तपासणी झाली होती. सरकारी माणसं येऊन सांगून गेली, तो तोच आहे. त्याच्या भावांनी मान्य केलं, मानाने दफनही झालं. बायका सांत्वनाला जमल्या, पण खाला रडायला बसली नाही. येणाऱ्या प्रत्येकीला ती एकच सांगत होती, त्या बाईंनी ते मला जसंच्या तसं सांगितलं. माझ्या मुलाच्या हातात घड्याळ होतं. सरकारी माणसांनी आणलेल्याच्या हातात घड्याळ नाही. कुणा दुसरीचा मुलगा आहे. त्याला माझ्या दारची माती मिळाली, चांगलं झालं. माझा अजून यायचा आहे.

मी फोन ठेवला आणि ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता म्हणतील की तपासणी खोटी नसते, की आपण ठेवलं काय आणि विकलं काय, त्याने आता काय फरक पडतो. आयुष्यभर पुरावा मागणारा माणूस.

संध्याकाळी मुंबईच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, रविवारी किती वाजता येऊ विचारायला. फोन ह्यांनीच घेतला. येऊ नका, म्हणाले, घड्याळ विकायचं नाही. तिकडून त्याने भाव वाढवला असावा, कारण हे म्हणाले, "नाही हो, पैशाचा प्रश्न नाही." मग समोरून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं.

"तसं नाही," हे शेवटी म्हणाले. "ज्याचं घड्याळ आहे तो बाहेर गेलाय. तो आल्याशिवाय मला विकता येणार नाही."