एकटीचा वर्ग भरत नाही

कॉलेजच्या प्रॉस्पेक्टसात गणिताला अख्खं पान दिलेलं होतं. उच्च बीजगणित, त्रिकोणमिती, वैश्लेषिक भूमिती, कॅल्क्युलस, स्थितिशास्त्र, गतिशास्त्र, आणि बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला ज्योतिष. ज्योतिष म्हणजे आकाशातलं गणित, पत्रिकेतलं नव्हे. लोणावळ्याच्या घरी मी ते पान इतक्यांदा वाचत असे की वहिनी म्हणायची, "त्यात जेवणाचा बेत लिहिलाय का?" बेतच होता तो. पंगतीत माझं पान मांडायला मात्र कुणी तयार होणार नव्हतं, हे तेव्हा कळायचं होतं.

गणिताची गोडी लावली ती वडिलांनी. ते रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. खंडाळ्याच्या घाटात तेव्हा रिव्हर्सिंग स्टेशन होतं. मुंबईहून येणारी गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने निघायची. लहानपणी एकदा मी घाबरून विचारलं, "आपण परत चाललो का?" वडील म्हणाले, "तोंड उलटं झालं म्हणून चढ थोडाच उलटा होतो? उणे चिन्हाला कधी भ्यायचं नाही." मी भ्याले नाही. रात्री जेवणं झाली की ते गणितं घालत आणि मी ती सोडवली की शेजाऱ्यांना बोलावून दाखवत. आई लवकर गेली होती, म्हणून असेल, पण माझं कौतुक करायला त्यांना दिवस पुरत नसे. इंटरला मी गणितात कॉलेजात पहिली आले तेव्हा त्यांनी बाजारपेठेत दुकानादुकानांतून पेढे वाटले.

रोज सकाळच्या गाडीने पुण्याला जायचं आणि संध्याकाळी परतायचं, असं माझं कॉलेज चाले. ज्युनिअर बी. ए.ला गणित घेणारे आम्ही चौघं होतो, तीन मुलगे आणि मी. त्यांतल्या दोघांनी महिन्याच्या आत अर्थशास्त्र धरलं. उरला एक. त्याला गणिताचं प्रेम होतं असं नाही, दुसरीकडे जायचाही कंटाळा होता इतकंच. त्याच आठवड्यात गणिताच्या प्रोफेसरांनी मला बोलावून घेतलं.

प्रोफेसर सज्जन होते. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. सगळं पुणं त्यांना सज्जन म्हणे, आणि मला नडला तो त्यांचा सज्जनपणाच.

"हा विद्यार्थी ज्या दिवशी येणार नाही," ते टेबलाकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी तास होणार नाही. एकट्या मुलीचा वर्ग भरत नाही."

"असा नियम आहे का, सर?"

"असले नियम लिहावे लागत नाहीत."

"मग दार उघडं ठेवू या."

"येणारे-जाणारे बघतील."

"आणि लावलं तर?"

"तर बघणार नाहीत. ते आणखीच वाईट."

हसावं की रडावं ते मला कळेना. त्या दिवसापासून माझं सगळं गणित त्या मुलाच्या मर्जीवर आलं. पाऊस जास्त झाला की तो यायचा नाही, क्रिकेटचा सामना असला की यायचा नाही, झोप लागली तरी यायचा नाही. मी लोणावळ्याहून भिजत जायची आणि वर्गाच्या दाराशी त्याची वाट बघत उभी राहायची. प्रोफेसर जिन्यापर्यंत येत, मी एकटी दिसले की मागे फिरत. गंमत म्हणजे त्या मुलाची हजेरी पूर्ण भरली. तो आला नाही की वर्गच भरत नसे. जो वर्ग भरलाच नाही, त्याची गैरहजेरी लावणार कशी? इतकं चोख तर्कशास्त्र मी पुढे तत्त्वज्ञानाच्या वर्गातही ऐकलं नाही.

दिवाळीत त्याच्या वडिलांनी त्याला पेढी शिकायला मुंबईला नेलं. आता वर्गात मी एकटी. म्हणजे कुणीच नाही.

मागच्या ओट्यावर बसून मी रडत होते, तेव्हा दूध घालायला मावशी आली. ही तुंगार्लीची शेतकऱ्याची बाई, आमच्याकडे वर्षानुवर्षं दूध घालायची. काय झालं ते मी तिला सांगितलं. वर्गात सोबतीला घरचं कुणी किंवा एखादं बाईमाणूस बसलं तर प्रोफेसर शिकवतील, पण वडिलांना कचेरी, वहिनीच्या मागे तान्हं मूल, दुसरं घरात कोण आहे, असं सगळं.

"नुसतं बसायचं?" तिने विचारलं.

"नुसतं बसायचं."

"मंग येते की मी. भात झोडून झालंय. लय कामं केली जल्मात, ह्ये त्यातलं सोपं दिसतंय."

वडिलांना कल्पना एकदम पसंत पडली. तिचं तिकीट ते काढू लागले. प्रिन्सिपॉलांना नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून त्यांनी हो म्हटलं. डिसेंबरापासून मार्चअखेरपर्यंत, सकाळी दूध घालून झालं की मावशी माझ्याबरोबर गाडीत बसे आणि दुपारी वर्गात. बाकावर बसायला ती तयार नव्हती. दाराजवळ, भिंतीला टेकून, पाय लांब करून ती खाली बसायची आणि पाच-दहा मिनिटांत डोळे मिटायची.

प्रोफेसर आत येत ते सरळ फळ्याकडे. "जंटलमेन," म्हणून इंग्रजीत सुरुवात करायची त्यांची जुनी सवय होती, ती काही सुटली नाही. वर्गात मी आणि मावशी. तासभर ते फळ्याशी बोलत. मला शंका असली तरी त्यांचं तोंड दिसायचं नाही, आणि पाठीला शंका विचारायची कशी? जाता जाता एकदा मावशी म्हणाली, "तुजा मास्तर भिताडाशी काय बोलतो गं? त्येला मान वळवता येत न्हाई व्हय?"

दुसऱ्या वर्गांतले मुलगे तिला बुजगावणं म्हणू लागले. तिच्या कानावर गेलंच. ती म्हणाली, "बुजगावनं पाखरांसाठनं आसतंय. हितं एकबी पाखरू येत न्हाई." मी मोठ्याने हसले, आणि प्रोफेसरांचा खडू थांबला.

तरीही ते दिवस माझे सुखाचे होते. कॅल्क्युलसला जुन्या मराठीत शून्यलब्धी म्हणत, हे प्रोफेसरांनी फळ्याला सांगितलं ते मी ऐकलं. एखादी वक्र रेषा एका बिंदूपाशी नेमकी कुठे निघाली आहे, हे कागदावर पकडता येतं, याचा मला इतका आनंद व्हायचा की परतीच्या गाडीत कामशेत आलं कधी नि गेलं कधी ते समजायचं नाही. एकदा मी एक उदाहरण पुस्तकापेक्षा वेगळ्या, आखूड रीतीने सोडवून टेबलावर ठेवलं. प्रोफेसरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्या चार महिन्यांत पहिल्यांदा वर्गाकडे तोंड केलं.

"हे कुणी सोडवलं?"

वर्गात आम्ही दोघी. मावशी झोपलेली.

"मी, सर."

"घरी कुणी मदत करतं का?"

मी नाही म्हटलं. ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा फळ्याकडे वळले. शाबासकी म्हणून मला मिळालं ते एवढंच, आणि तेवढ्यावरही मी दोन दिवस खूश होते, याची आज चीड येते.

जूनमध्ये शेवटचं वर्ष सुरू झालं. मावशी आली ती सांगायलाच. "ताई, आता न्हाई जमायचं बघ. रोपं टाकायची, मंग लावनी. मानसं कुटं मिळत्यात? दसरा झाला की येते." तिचं काय चुकलं? शेत कुणासाठी थांबत नाही. पण दसऱ्यापर्यंत माझी टर्म बुडणार, आणि टर्म बुडाली की वर्ष बुडालं.

त्याच उन्हाळ्यात वडील रिटायर झाले होते. रेल्वेचा पास त्यांच्याजवळ होता. सकाळी वर्तमानपत्र, मग भुशीच्या तलावापर्यंत फेरी, संध्याकाळी स्टेशनजवळ पत्त्यांचा अड्डा, असा त्यांचा दिवस जाई. मला वाटलं, आता काय चिंता! घरचाच माणूस, वेळ भरपूर, आणि गणिताची आवड तर त्यांच्याइतकी कुणाला? उलट त्यांनाही ऐकायला मिळेल. मी जवळजवळ नाचतच ओट्यावर गेले. ते सुपारी कातरत होते.

"बाबा, दसऱ्यापर्यंत तुम्ही चला ना वर्गात बसायला."

ते आधी हसले. मग मी थट्टा करत नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि अडकित्ता खाली ठेवला.

"मी? दूधवालीच्या जागेवर?"

"तिच्या जागेवर कशाला? बाकावर बसा."

"अगं, बाप राखणीला बसला तर लोक म्हणतील, बापाचाच मुलीवर भरवसा नाही. नाहीतर म्हणतील, प्रोफेसरांवर नाही. दोन्हीकडून नाचक्की माझीच."

"आणि मावशी बसत होती तेव्हा?"

"तिला कोण ओळखतं?"

मी आठ दिवस विनवण्या केल्या, रडले, अबोला धरला. ते रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. नवव्या दिवशी जेवताना म्हणाले, "तत्त्वज्ञान वाईट नाही. तिथे दोन मुली आहेत, मी चौकशी केली." भूमितीतली आकृती चुकली की जितक्या मायेने समजावत, तितक्याच मायेने म्हणाले. मला प्रोफेसरांचा राग आला होता तो केव्हाच निवला, त्यांच्याकडून मी काही धरूनच चालले नव्हते. वडिलांचा आला तो निवला नाही. ते गेले त्यालाही पुष्कळ वर्षं झाली, अजून निवलेला नाही.

एक वर्ष मागे जाऊन मी तत्त्वज्ञान घेतलं आणि बी. ए. झाले. वडिलांनी पुन्हा पेढे वाटले. कोणत्या विषयात, हे बाजारपेठेत कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पुढे मी तळेगावात मुलींच्या शाळेत शिकवू लागले. एका मे महिन्यात सुट्टीला घरी आले होते, तेव्हा वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ मुलीला घेऊन सल्ला विचारायला आले. मुलगी इंटर पास झालेली, बी. ए.ला गणितच घेईन म्हणून हटून बसलेली. मी चहा घेऊन बाहेर येत होते.

वडील सांगत होते, "नका त्या फंदात पडू. बायकांना झेपत नाही गणित. आमच्या हिचंच बघा. एवढी हुशार, पण शेवटी सोडलंच की नाही?"

कप माझ्या हातात होते, म्हणून बरं. मी म्हटलं, "मी सोडलं नाही, बाबा. तुम्ही येऊन बसला नाहीत."

"बसले नाहीत म्हणजे?" गृहस्थांनी विचारलं.

"काही नाही हो," वडील म्हणाले. "घ्या, चहा निवतोय."

त्यांनी घेतला. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. ते निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत मागे गेले आणि तिच्या वडिलांना म्हटलं, "तिला गणित घेऊ द्या. सोबत लागली तर शाळेतून रजा काढून मी येऊन बसेन वर्गात."

त्यांनी हात जोडले. "छे छे, तुम्हाला कशाला त्रास, बाई. आणि तुमचे वडील स्वतःच सांगतायत ना."

जूनमध्ये त्या मुलीने इतिहास घेतला.