पोटाचं ऑपरेशन, खांद्याचं दुखणं

"पोटाचं आपरेशन अन् दुखते खांदा! कोन्या कॉलेजात शिकला रे बाप्पा?"

आष्टीच्या कॅम्पमध्ये सरूबाईची सासू भर वॉर्डात मला विचारत होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. कुटुंबनियोजनाचं दुर्बिणीचं ऑपरेशन आमच्याकडे नवीन होतं. मी ज्युनिअर डॉक्टर, आमच्या खानदानात कॉलेज पाहिलेला पहिलाच. प्रश्न झोंबला.

सरूबाई भिंतीला टेकून, उजवा खांदा धरून बसली होती. "याच हातानं कापूस येचा लागते, डाक्तर. हात गेला काय माहा?"

बाहेर नंबर लावून बसलेल्या बायका ऐकत होत्या. दोघींनी पिशव्या उचलल्या.

मी 'रेफर्ड पेन' वगैरे सांगितलं. गोळी दिली. फरक शून्य.

मग आमच्या सर्जन मॅडम आल्या. आधी नाडी, बीपी पाहिलं, पोट चाचपलं. पोटात रक्तस्राव झाला तरी खांदा दुखतो. तसं काही नव्हतं. मग त्या सासूला म्हणाल्या, "आतलं दिसावं म्हणून आम्ही पोटात गॅस भरतो. थोडा राहून जाते. माणूस उठून बसला का तो वर चढते. छातीखाली पडदा असते, त्याले लागते. त्या पडद्याची अन् खांद्याची नस मानेतून संगंच निघते. म्हणून दुखणं खांद्यात वाटते. हात शाबूत आहे."

मग सरूबाईकडे वळल्या. "तुले झोपून राहा म्हटलं होतं. बसली काऊन?"

सरूबाईनं सासूकडे पाहत पदर सावरला. "आत्याबाई समोर हायेत ना."

हे मला सुचलंच नव्हतं. मॅडमला सुचलं. "आत्याबाई, औषध तुमच्यापाशी आहे. तिले झोप म्हणा."

"म्हणून काय होते? मी समोर असली त नाई झोपाची ते." म्हातारीनं आपलं बसायचं पोतं उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. "झोप वं. मी पाहून नाई राह्यली."

उशी काढली. खाटेच्या पायांकडच्या बाजूखाली विटा लावल्या, म्हणजे गॅस पडद्यापासून ओटीपोटाकडे सरकतो. मॅडमनी शेजारी बसून लांब श्वास घ्यायला लावले. हळूहळू कण्हणं थांबलं. दुपार कलताना सरूबाईनं पडल्यापडल्याच उजवा हात डोक्यामागे नेला आणि सुटलेला बुचडा बांधला. बाहेरच्या पिशव्या परत खाली ठेवल्या गेल्या.

"झालं का वं बरं?" भिंतीकडून आवाज आला. "का बसूच अशी?"

पुढच्या प्रत्येक ऑपरेशनला मॅडम शेवटी पोट दाबून गॅस पुरता काढू लागल्या. "मॅडम, लाईन मोठी आहे," कॅम्पचे साहेब ओरडले. "असू द्या," त्या म्हणाल्या.

पुढे मीही पोट तसंच दाबत आलो. आणि ऑपरेशननंतरच्या सूचना पेशंटच्या आधी सासूला देत आलो.