खत परिषदेचं उष्टं

तुमच्या ताटातलं उष्टं पुढे कोणाच्या हातांतून जातं, हे तुम्ही कधी पाहिलंय का?

मी ते कंपोस्ट खताच्या परिषदेत पाहिलं. सकाळी कचरावेचक शांताबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. दुपारी जेवणाच्या मंडपाबाहेर ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन डबे शेजारी ठेवले होते. वर्गीकरणावर तासभर बोललेल्या वक्त्यांनीच दहीभात, प्लास्टिकचे चमचे आणि एक फुटका काचेचा ग्लास ओल्या कचऱ्याच्या डब्यात ढकलले. शांताबाई शाल कमरेला खोचून तो कचरा निवडायला बसल्या. त्यांचं बोट कापलं.

"मावशी, आज राहू द्या, तुम्ही पाहुण्या," एक आयोजक म्हणाले.

"पाहुणी जेवून गेली, साहेब. ही काच खतात गेली, तर ते कालवणाऱ्या बाईचा हात कापला जाईल."

त्या आंबूस वासाने मला काही झालं नाही. बडीशेप चघळत पुढच्या भाषणाला परतणाऱ्या आम्हा सगळ्यांची मात्र शिसारी आली. भात कुजला तरी त्याची माती होते.

उद्या कचऱ्याची बादली देण्याआधी तिच्यात स्वतःचा हात घाला, आणि जे कुजणार नाही ते बाहेर काढा.